हॉलमधली एकच बरोबर खुर्ची

"हात न लावता उठा," पुण्याचे डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या टेबलासमोर बसले होते. दोन्ही हात छातीशी घ्यायचे आणि नुसत्या पायांवर उठायचं, एवढंच काम होतं. मी पुढे वाकले, जोर केला, पण बूड खुर्चीवरून हललंसुद्धा नाही. पुन्हा करून पाहिलं. शेवटी टेबलाची कड धरायला गेले तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या. मला कळलं."

मला काहीच कळलं नव्हतं. शेजारी आमचे हे बसले होते. सगळं वरवंड गाव त्यांना आप्पा म्हणतं. ते म्हणाले, "वजन वाढलंय हिचं डॉक्टर. हालचाल न्हाई काय न्हाई." डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट माझ्याच पुढे सरकवला आणि नाव सांगितलं, पॉलिमायोसायटिस.

त्याचा अर्थ त्यांनी असा सांगितला. शरीराची राखण करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच स्नायूंच्या मागे लागतात. आधी मांड्या आणि कंबर जाते, मग खांदे. सीपीके नावाची एक तपासणी असते. स्नायू झिजायला लागले की त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात उतरतो, तो त्यात मोजतात. माझा आकडा इतका वर गेला होता की लॅबवाल्यांना चूक वाटली आणि त्यांनी पुन्हा रक्त मागवून घेतलं होतं.

"ह्या आळशी नाहीत," डॉक्टर आमच्या यांच्याकडे वळून म्हणाले. "यांच्या पायात ताकदच उरलेली नाही."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. त्याआधी वर्षभर मी आळशी होते.

मी अंगणवाडीत सेविका होते. लेकरांबरोबर खाली बसायचं, त्यांच्याबरोबर उठायचं, यात उभी हयात गेली. एका सकाळी गाणं संपलं, लेकरं उठली आणि मी खालीच राहिले. मदतनीस बाईंनी हात दिला, आम्ही दोघी हसलो. मग खिडकीचा गज धरून उठायला लागले. मग घरी संडासात नळाला धरून. त्यानंतर एसटीची पायरी चढेना, कंडक्टरने दंडाला धरून आत ओढलं.

दौंडच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्सरे काढला, झीज आहे म्हणाले, तेल आणि गोळ्या दिल्या. जावेने सांगितलं वात आहे. शिरूरला माझं माहेर, तिथल्या भावजयीने सांगितलं की नोकरदार बायकांना असंच होतं, घरकामाची सवय मोडते. हा आजार फारसा दुखत नाही, हीच त्याची अडचण. माणूस कण्हत नाही म्हटल्यावर कोणाला खरं वाटत नाही. तुमच्या घरात कोणाला खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत असतील, केस विंचरताना हात वर नेववत नसेल, तर कृपा करून वजनावर बोलू नका. आधी रक्त तपासा.

पुण्यात मग ईएमजी झाली. स्नायूत बारीक सुई घालतात आणि आतली वीज पडद्यावर बघतात. मांडीतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याला बायॉप्सी म्हणतात. वेटिंगच्या बाकड्यांवर बसायची मला धास्ती असायची, कारण ती बुटकी होती. नाव पुकारलं की उठणार कशी, म्हणून मी भिंतीला टेकून उभीच राहायचे. लोक आग्रहाने जागा द्यायचे आणि मी नको म्हणायचे. बाई मानी आहे असं त्यांना वाटत असेल.

स्टेरॉइड सुरू झालं. तोंड सुजलं, साखर वाढली, झोप उडाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "औषध आग विझवेल, पण पायात ताकद तुम्हालाच आणावी लागेल. दिवसातून जितक्या वेळा स्वतःची स्वतः उठाल, तितकं चांगलं. कोणी ओढून उठवलं तर ते उठणं धरायचं नाही." म्हणजे मला बसायला असं काहीतरी हवं होतं, ज्यातून मी एकटी उठू शकेन. तेवढं मिळालं तर मी पुन्हा चालती-फिरती होणार होते. न मिळालं तर कॉटवर.

आणि आमच्या हॉलमध्ये होता सोफा.

सोफा आमच्या सुनेच्या, मयुरीच्या लग्नात आला. तिचं माहेर राहू गावचं. व्याह्यांनी टेम्पो भरून संसार पाठवला, त्यात हा सोफा होता. मरून रंगाचा, बुटका, खोल, उशीसारखा मऊ. त्यात बसलं की गुडघे नाकाशी येतात. खालून तो पेटीसारखा बंद आहे, त्यामुळे टाचा मागे घेता येत नाहीत. उठताना पाय आधी मागे घ्यावे लागतात हे धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही. मला त्या सोफ्याने शिकवलं.

तो काढून एखादी उंच बैठक करू, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "व्याह्यांनी मानानं दिलाय. उद्या ते आले तर काय सांगायचं, माळ्यावर टाकला?" मयुरी मला हळूच म्हणाली, "आई, आमच्या पप्पांना कायबी वाटायचं न्हाई. त्यांना आठवतबी नसंल." पण मान व्याह्यांचा होता आणि तो सांभाळायचा मक्ता यांच्याकडे होता.

मग माझा मुलगा सागर याने सोफ्याखाली विटा लावल्या. तो रांजणगावला कंपनीत आहे, शिफ्टवरून येता येता कुठल्यातरी बांधकामावरून आणल्या. सोफा उंच झाला, पण मऊ तो मऊच. बसलं की मी आत रुतायची आणि पाय अधांतरी लोंबायचे. शिवाय गावच्या शेती कर्जाच्या सोसायटीतली मंडळी यांच्याकडे आली तेव्हा कोणीतरी विटांकडे बघून हसलं. दुसऱ्या दिवशी विटा तुळशीपाशी गेल्या.

सागर गुणी पोरगा आहे, पण मोबाइलवर विश्वास फार. त्याने ऑनलाइन एक रिक्लायनर मागवला. म्हणजे विजेची आरामखुर्ची. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात, आणि दुसरं बटण दाबलं की खुर्चीच माणसाला उचलून उभं करते. कंपनीच्या जाहिरातीत एक आजोबा हसत हसत उभे राहतात. आमच्याकडे ती आली तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या. मी बटण दाबलं, पाय वर गेले, पाठ मागे गेली, आणि लाइट गेली.

वरवंडला लाइट जाणं ही काय नवी गोष्ट नाही. पण ही खुर्ची मागवताना घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात ते आलं नाही, माझ्यासुद्धा. मी आडवी, पाय छताकडे, सुजलेलं तोंड, आणि भोवती बायका चहा पीत बसलेल्या. त्या उठून जाईनात, कारण आजाऱ्याला भेटायला आलं की लगेच उठू नये. त्यांनी बिस्किटांचे पुडे माझ्या पोटावर ठेवले. एक म्हणाली, "आराम हाय की वैनी तुमचा." लाइट आल्यावर खुर्चीने मला उभं केलं, पण ते माझं उठणं नव्हतं. डॉक्टरांच्या हिशेबात ते धरायचं नव्हतं. आता त्या खुर्चीवर वाळलेले कपडे पडतात. त्या कामाला ती उत्तम आहे.

यानंतर मला आतल्या खोलीत हलवलं. आधी दवाखान्यासारखी लोखंडी कॉट आली, मग खाली भांडं असलेली कमोड खुर्ची आली, आणि हे म्हणाले, "आत बरं पडंल. हॉलमधी माणसं येत्यात, बरं दिसत न्हाई." भेटायला येणारे हॉलमध्ये बसून यांच्याकडून माझी चौकशी करायचे आणि जायचे. पडद्याआडून मला माझी तब्येत ऐकू यायची. मी बरी आहे असं समजायचं.

दौंडहून एक फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागल्या. श्रद्धा मॅडम म्हणतात त्यांना, माझ्या सुनेच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "दिवसभर कुठं बसता?" मी कॉट दाखवली. त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये चला."

त्यांनी सोफा दाबून पाहिला आणि मान हलवली. काचेचा टीपॉय बाजूला करायला सांगितला, दुमडणारी सतरंजी उचलायला लावली. मग बोलत बोलत जे सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहिते, कारण आम्हाला ते कोणी आधी सांगितलं नाही. बैठक गुडघ्यामागच्या खाचेपेक्षा थोडी उंच हवी, पण पाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत. गादी घट्ट हवी. हात टेकायला दोन्ही बाजूंनी दांडे हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, म्हणजे उठताना रेटा देता येतो. खाली मोकळं हवं, टाचा मागे घ्यायला. चाकं नकोत. खुर्ची जड हवी, रेटल्यावर सरकली नाही पाहिजे. पैसे टाकून काही आणायच्या आधी घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर एकदा बसून बघा.

हे सांगता सांगता त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि दाराकडे तोंड करून असलेल्या खुर्चीपाशी थांबल्या.

"ही काय, आहे की. एकदम बरोबर आहे."

मयुरी स्वयंपाकघरातून येत होती, ती दारातच थांबली.

ती आप्पांची खुर्ची. हे विकास सोसायटीचे चेअरमन झाले तेव्हा बांधावरचा साग तोडून करून घेतलेली. उंच, जाड दांड्यांची, दोन माणसांना हलणार नाही अशी. मुद्दाम उंच केली होती, म्हणजे समोर सोफ्यावर बसलेला माणूस खाली राहतो. चेअरमनकी गेली, खुर्ची राहिली. हे घरात नसले तरी तिच्यावर कोणी बसत नाही. पाठीवर त्यांचा टॉवेल असतो. कोणी सांगून ठेवलंय असं नाही, पण पाहुणेसुद्धा तिला वळसा घालून सोफ्यावर बसतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांना कुठल्या ना कुठल्या अशा खुर्चीवर पाहत आले, आणि मी खाली किंवा दारात. ह्या खुर्चीची धूळ मी पुसत आले. सोफ्याखाली विटा लावल्या, परगावाहून वीज खाणारी खुर्ची मागवली, पण बरोबर उंचीची खुर्ची समोर होती ती घरातल्या कोणाला दिसली नाही. मला राग याचा येतो की मलासुद्धा दिसली नाही.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

मी टॉवेल बाजूला केला आणि बसले. पाय टेकले. टाचा मागे गेल्या. दोन्ही दांड्यांवर तळवे ठेवले, पुढे वाकले, रेटा दिला, आणि उभी राहिले. एकटी. मयुरी रडायला लागली. मी रडले नाही, पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. मला ते सारखंच करत राहावंसं वाटत होतं.

हे शेतावरून आले तेव्हा मॅडमनी आनंदाने सांगितलं, "आप्पा, तुमच्या खुर्चीनं काम केलं. आता काही महिने ही काकूंना द्या."

यांनी टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा पाठीवर टाकला. "ती सोडून बोला मॅडम. माणसं येत्यात आपल्याकडं. हिला तशीच दुसरी करून घेऊ."

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"ऊस तुटून जाऊ द्या."

ऊस तुटून गेला. मग सुतार मोकळा नव्हता. मग सोसायटीच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं. यांनी नाही कधीच म्हटलं नाही, हे मी लिहायलाच हवं. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, करू म्हणतात.

मग मी चोरून बसायला लागले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या खुर्चीवर, पायात बळ यावं म्हणून. हे सकाळी बाहेर पडले की मयुरी टॉवेल उचलायची, मी बसायची, उठायची, दम खायची, पुन्हा उठायची. फटफटीचा आवाज आला की मयुरी म्हणायची, "आई, आले," आणि आम्ही दोघी खुर्ची होती तशी करून आत जायचो. त्या दिवसांत माझी ताकद वाढत होती, आकडा उतरत होता. डॉक्टर खूश होते. घरी काय चाललंय हे मी त्यांना सांगितलं नाही, लाज वाटली.

एका दुपारी मयुरी मागच्या अंगणात कपडे धूत होती आणि फटफटी वाजली. मी घाईने उठले. टाचा मागे न घेता, हात नीट न टेकता उठले. दोन पावलं गेले असेन, गुडघा वाकला आणि मी फरशीवर पडले. उजवं मनगट खाली आलं. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवाज मला ऐकू आला.

हे दारात होते. धावत आले, मला उचललं, दौंडला नेलं, सगळं केलं. गाडीत म्हणाले, "सावकाश उठायचं न्हाई का? घाई कशाची झालती?"

घाई कशाची होती हे मी सांगितलं नाही. मयुरीने माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मनगटाला प्लास्टर म्हटल्यावर हातावर रेटा देता येईना. रेटा नाही म्हणजे उठणं नाही. पायात कष्टाने आणलेलं सगळं कॉटवर पडून पडून गेलं. पुन्हा कोणीतरी काखेत हात घालून उठवायचं. पुन्हा ती भांड्याची खुर्ची. पहिल्या वेळी आजाराने पाडलं होतं, त्याचा मी राग केला नाही. या वेळचा राग मी केला, आणि अजून करते. डॉक्टरांनी सीपीके पाहून सांगितलं की आजार आटोक्यात आहे. आटोक्यात नव्हतं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याची रक्ततपासणी नसते.

अशा लिखाणात शेवटी आभार मानतात, तर तेही करते. पुण्याच्या डॉक्टरांनी मला आळशीपणातून सोडवलं. श्रद्धा मॅडमना खुर्चीकडे नुसती खुर्ची म्हणून बघता आलं. मयुरीने तिच्या माहेरच्या सोफ्याची कधी बाजू घेतली नाही. आणि तुम्हाला एवढंच सांगायचं की आजारी माणसासाठी हॉलमध्ये काय आणायचं हे ठरवण्याआधी हॉल कोणाचा आहे ते ठरवा. आमच्याकडे ते कधी ठरलं नव्हतं, नुसतं चालत आलं होतं.

प्लास्टर निघालं. मॅडमनी हात मोकळा करून दिला आणि पायांचे व्यायाम करवून थोडी ताकद परत आणली. त्यानंतरच्या एका सकाळी हे बाहेर गेल्यावर मी एकटी भिंतीला धरून हॉलमध्ये आले, टॉवेल काढून दारामागच्या खुंटीला अडकवला आणि खुर्चीवर बसले. उठले, बसले. उठणं चांगलं होत होतं. मग नुसतीच बसून राहिले. दारातून रस्ता दिसतो तिथून, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

फटफटी वाजली. मयुरी पिठाच्या हातांनी दारात आली. "आई, आप्पा आले. संगं माणसं हायत."

"येऊ दे," मी म्हटलं.

हे आत आले, मागे निवडणुकीच्या बोलण्यासाठी आलेली गावातली मंडळी. त्यांत आमचे जुने शेजारी रज्जाकमामा होते. आमच्याकडे हे बसल्याशिवाय कोणी बसत नाही, म्हणून सगळे उभे राहिले. हे माझ्याकडे बघत होते, मग खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल कुठे दिसतोय का ते बघत होते.

रज्जाकमामा म्हणाले, "शालनवैनी, लई दिसांनी भायेर दिसला. बरं हाय का आता?"

"बरं हाय मामा," मी म्हटलं. "आता माझी मला उठता येतंय."

हे लगेच म्हणाले, "मंग ऊठ की. मंडळी आल्यात."

मी टाचा मागे घेतल्या. दोन्ही दांड्यांवर तळवे ठेवले. ताकद होती, मला ती मांड्यांत कळत होती. सगळे वाट बघत होते.

मी उठले नाही. "बसा की सगळे," मी म्हटलं, "मयुरी, चहा टाक."

थोडा वेळ कोणीच हललं नाही. मग रज्जाकमामा सोफ्याच्या एका कडेला बसले, त्यांच्यामागून बाकीचे बसले, आणि शेवटी जी जागा उरली होती, मधली, सगळ्यात खोल, तिथे हे बसले. गुडघे वर आले. चहा झाला, बोलणं झालं, माझ्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. मंडळी निघाली तेव्हा हे त्यांना सोडायला उठायला गेले, आणि अर्ध्यात अडकून पुन्हा खाली बसले. रज्जाकमामांनी हात पुढे केला. तो हात धरून हे उठले.